हिरोला दोन मिनिटं पुढचं दिसतंय, मग टेन्शन उरतं कुठं?

प्रश्न विचारणाऱ्या भाऊचं म्हणणं थोडक्यात असं: ते नागपूरचेच, मित्रमित्र मिळून दीड तासाचा सायफाय ॲक्शन पिक्चर करून राहिले, हिरोला दोन मिनिटं पुढचं दिसतं, स्क्रिप्ट अर्धी झाली आणि गाडी अडकली. अडकली कुठं, तर दोन मिनिटं पुढचं दिसणारा माणूस मार खाईलच कशाला, गोळी सुटायच्या आधीच त्याला माहीत. वरून त्यांनी 2007 चा निकोलस केजचा 'नेक्स्ट' बघितला, शेवट बघून डोकं फिरलं, आणि आता धाक वाटतोय की आपलंही तसंच होते की काय. बुलडीत, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात, चेस (पाठलाग) करायचा आहे, पैसे बेताचे आहेत, आणि सायन्स किती टाकायचं हेही विचारलंय.

मी एडिटर आहे. जाहिराती, सिरियली, काही चांगले काही भंगार पिक्चर असं सगळं कापत आलो, आता नागपुरात राहून पोट्ट्यांना एडिटिंग शिकवतो. त्यामुळे जे सांगतोय ते एडिटिंग टेबलावरून सांगतोय, रायटर लोक कदाचित वेगळं सांगतील, त्यांचंही ऐका.

पहिले तर हे डोक्यातून काढा की हिरोला दिसतं म्हणून टेन्शन जातं. टेन्शन जातं ते हिरोला दिसतं आणि प्रेक्षकाला दिसत नाही म्हणून. हिरो एकदम मान वाकवतो, गोळी वरून जाते, हिरो हसतो, आणि आपण खुर्चीत बसून म्हणतो हो का, बरं. सस्पेन्स पिक्चरवाल्या हिचकॉकने त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं ते आठवा: दोघं जण बसून गप्पा मारताहेत, बॉम्ब फुटतो, प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. पण बॉम्ब खाली आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं तर त्याच फालतू गप्पांमध्ये पंधरा मिनिटं तो नखं खात बसतो. भविष्य दिसणारा पिक्चर म्हणजे सारखं सारखं टेबलाखाली वाकून बघणारा हिरो, आणि तुम्ही काय करताय, तर हिरोला वाकू देताय आणि प्रेक्षकाची मान धरून ठेवताय. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, बाकी सगळं त्याच्याच मागे येतं: हिरोला जे दिसलं ते प्रेक्षकालाही दिसलं पाहिजे, त्याच वेळी आणि तेवढंच, आणि एकदा दाखवलेलं मग परत घ्यायचं नाही.

आता 'नेक्स्ट' घ्या. क्रिस जॉन्सन हा लास वेगासमधला साधा जादूगार, त्याला स्वतःचं, फक्त स्वतःचंच, दोन मिनिटं पुढचं दिसतं. लिझ नावाची एक मुलगी तेवढी अपवाद, तिच्या बाबतीत त्याला लांबचं दिसतं. कसिनोतून तो सिक्युरिटीला चुकवत निघतो तो सीन मस्त आहे, कारण आपण त्याच्या सोबत चालतोय, कुठं वळायचं कुठं अर्धा सेकंद थांबायचं हे त्याच्यासोबत कळतंय. पण मला त्याहून आवडतं ते डायनरचं. त्याला लिझ दिसलेली आहे, घड्याळात 8:09 वाजलेले दिसलेत, पण दिवस कोणता ते माहीत नाही, म्हणून गडी रोज सकाळी 8:09 ला आणि रात्री 8:09 ला त्या डायनरमध्ये येऊन बसतो. बघा, भविष्य दिसणाऱ्या माणसाला वाट बघत बसावं लागतं. अख्ख्या पिक्चरमधली ही सगळ्यात भारी आयडिया आहे आणि तिला खर्च किती, तर एक घड्याळ आणि एक कप कॉफी.

मग शेवट का आपटतो? बॉम्ब फुटतो, आणि एकदम आपण मागे मोटेलच्या पलंगावर येतो, म्हणजे मोटेलनंतरचं जे जे झालं, डोंगरावरून गाड्या नि ओंडके गडगडत आले ते, लिझला पळवलं ते, बंदरातली मारामारी, ते सगळं त्याला पलंगावर पडल्या पडल्या दिसलेलं होतं. नियमात बसतं का? बसतं, लिझ बाजूला आहे म्हणून लांबचं दिसलं, हे पहिलेच सांगून ठेवलेलं. तरी फसवल्यासारखं का वाटतं? कारण नियम संवादात सांगितलेला होता, अंगावर आलेला नव्हता, आणि एवढा वेळ आपण जे खरं समजून जीव लावून बघितलं ते एका कटमध्ये परत घेतलं. हिरोला माहीत होतं की हे दिसणं आहे, आपल्याला नव्हतं. उधारीवर घेतलेलं टेन्शन आहे ते, आणि वसुलीला कोणी आलंच नाही. तुम्हाला असा शेवट सुचला असेल तर आत्ताच खोडा, भाऊ. शूट झाल्यावर माझ्यासारखा कोणी टेबलावर बसून तो वाचवू शकत नाही.

गंमत म्हणजे मूळ गोष्ट एकदम वेगळीच आहे. फिलिप के. डिकची 1954 ची कथा, त्यात तो भविष्य दिसणारा सोनेरी अंगाचा, न बोलणारा एक प्राणीच जवळपास, आणि सरकारी माणसं त्याला मारायला निघालेली. तिथं भीती त्याची वाटते, त्याच्यासाठी वाटत नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये व्हिलन कच्चा वाटत असेल तर एकदा ताकद उलटी फिरवून बघा, दिसू द्या व्हिलनला.

आपल्याकडे हे काही नवीन नाही. कंसाची गोष्ट दुसरी काय आहे? आकाशवाणी झाली, आठवा मुलगा तुला मारणार, म्हणजे कंसाला भविष्य कळलं, आणि मग त्याने जे जे केलं, बहिणीला तुरुंगात टाकलं, पोरं मारली, त्यातूनच ते भविष्य घडत गेलं. 2006 च्या 'क्रिश'मध्ये हेच सूत्र आहे, सिंगापूरमधलं ते भविष्य दाखवणारं मशीन, डॉक्टर आर्या त्यात स्वतःचं मरण बघतो, मास्कवाल्याच्या हातून, आणि मास्कवाला समजून भलत्याच माणसाला मारून टाकतो. लोक त्या पिक्चरमधल्या उड्यांबद्दल बोलतात, केबलवरचं ते काम हाँगकाँगच्या चिंग सिऊ-तुंगने केलंय आणि चांगलंच केलंय, पण स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने बघायची गोष्ट ही आहे की मशीनने आर्याला खोटं काही दाखवलं नाही, फक्त मास्क दाखवला आणि मास्कच्या आतला माणूस दाखवला नाही. दिसलं खरं पण अर्धवट दिसलं. ही लबाडी नाही, हा नियम झाला, आणि प्रेक्षक असा नियम आनंदाने मान्य करतो.

तर पहिले हे ठरवा की तुमच्याकडे दिसलेलं बदलता येतं का नाही. बदलत नसेल तर कंसवाली गोष्ट, टेन्शन हे की माणूस पळतोय आणि पळून पळून तिथंच चाललाय. बदलत असेल तर दर वेळी बदलायची किंमत काय ते ठरवा. दोन्हीची खिचडी करू नका, म्हणजे इंटरव्हलपर्यंत बदलतं आणि नंतर 'नियतीला कोण टाळणार' असं. खिचडी जमवणारे लोक आहेत, 2002 च्या 'मायनॉरिटी रिपोर्ट'मध्ये स्पीलबर्गने जमवली, तिथं 2054 सालचं वॉशिंग्टन आहे, तीन जण पाण्यात पडून पुढचे खून बघतात, लाकडी गोळ्यावर मारणाऱ्याचं नाव कोरून येतं, अचानक रागाच्या भरातला खून असेल तर गोळा लाल, आणि हिरोच्याच नावाचा गोळा येतो. पण तिथं 'हे बदलतं का' हाच पिक्चरचा प्रश्न आहे, पहिल्या सीनपासून. तुमचा प्रश्न तो नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

त्या पिक्चरमधला मॉलचा सीन मात्र पाठ करा. खरंच सांगतो, कागद घेऊन बसा आणि शॉट बाय शॉट लिहून काढा. हिरो त्या भविष्य बघणाऱ्या अगाथाला घेऊन मॉलमधून पळतोय, पोलीस मागे. तिला धड उभंही राहता येत नाही, ती त्याला लटकलेली आहे आणि कानात सांगतेय, छत्री घे. का घे, सांगत नाही. मग थांब म्हणते, उघड्यावर, मधोमध, पोलिसांना सरळ दिसेल असं, आणि तो थांबतो, आणि फुगेवाला मधून जातो, पोलिसांची नजर आणि हे दोघं यांच्यामध्ये बरोबर त्या वेळेला फुगे. मग पैसे टाक म्हणते, तो चिल्लर टाकतो, भिकारी ती वेचायला वाकतो, मागून पळत येणारे पोलीस त्याच्यावर अडखळतात. बाहेर पाऊस, वरून बघणाऱ्या पोलिसांना नुसत्या छत्र्या दिसतात. एक ठोसा नाही, एक गोळी नाही, आणि ॲक्शन म्हणाल तर पुरेपूर. का? थांबणं हीच ॲक्शन आहे तिथं. पळणाऱ्या माणसाला 'थांब' सांगितलंय आणि त्याने ऐकलंय. बेताच्या पैशात पिक्चर करणाऱ्याला याहून मोठी भेट नाही राजेहो, फुग्यांचा खर्च असतो किती!

तुम्ही म्हणाल इथं तर प्रेक्षकाला आधी दिसत नाही, अगाथालाच दिसतं. बरोबर, पण हिरोलाही दिसत नाही ना. आपण हिरोच्या बरोबरीने आहोत. बरोबरी सुटली की खेळ संपला.

मारामारी पाहिजेच असेल, आणि तुमच्या पिक्चरमध्ये पाहिजेच असणार, तर 2009 चा 'शेरलॉक होम्स' आणि त्याचा 2011 चा दुसरा भाग बघा. तिथं भविष्य दिसत नाही, होम्स मनात हिशेब करतो, पण एडिटिंगच्या दृष्टीने प्रकार तोच. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये आधी सगळी मारामारी स्लो मोशनमध्ये, होम्सच्या आवाजात, कुठं मारणार आणि त्याने काय मोडणार, आणि मग तीच मारामारी खऱ्या स्पीडने, काही सेकंदात खल्लास. एकदा दाखवून झालं, प्रेक्षकाला रीत कळली. आता दुसऱ्या भागात काय करतात, होम्स असाच हिशेब मांडतो, आपण वाट बघतो की आता खरं सुरू होईल, आणि खोलीतली बाई मध्येच चाकू फेकते, हिशेब कोलमडला. हशा येतो. आणि शेवटी धबधब्यापाशी मोरिआर्टीसमोर होम्स हिशेब मांडतो तर समोरचाही तेच करतोय, दोघं उभ्या उभ्या डोक्यातच मारामारी खेळतात, आणि होम्सला कळतं की आपण हरतोय. मग तो हिशेबाबाहेरचं करतो, त्याला मिठी मारून बाल्कनीच्या कठड्यावरून खाली घेऊन जातो. क्रम बघा: पहिले रीत शिकवली, मग मोडली, मग तीच रीत समोरच्यालाही दिली. तुमच्या दीड तासाच्या पिक्चरचा सांगाडा इथं तयार आहे, चोरी म्हणत नाही मी, व्याकरण आहे ते.

आता तुमचा बुलडीचा चेस. तुम्ही लिहिलंय की हिरो मेन रोडवरून पळतो, तिथल्या 'मोदी नंबर' नावाच्या गल्ल्यांपैकी एकीत शिरतो, तिथं चाकूवाला. सगळ्यात आधी दोन मिनिटांची ती मुदत कमी करा. दोन मिनिटं पडद्यावर फार होतात. भविष्य दोन मिनिटं दाखवा आणि मग खरं दोन मिनिटं दाखवा, चार मिनिटं गेली आणि गोष्ट जागेवरच. बारा सेकंद ठेवा. बारा सेकंद प्रेक्षक डोक्यात धरून ठेवू शकतो, मोजू शकतो, आणि बारा सेकंदात माणूस गल्लीच्या या टोकावरून त्या टोकाला जातो एवढंच, म्हणजे भविष्य दिसूनही हिरो पुरता सुटत नाही.

मी कापेन असं समजून लिहितो. हिरो गल्लीच्या तोंडाशी. दिसणं सुरू: तो आत पळतो, उजवीकडे चहाची टपरी, टपरीवाल्याच्या हातून काचेचा ग्लास सुटतो, खळ्ळ, हिरो तिकडे बघतो, डावीकडच्या दुकानाच्या पायरीवरून चाकूवाला उतरतो, पोटात. संपलं. परत गल्लीच्या तोंडाशी, हिरोचा चेहरा, श्वास. आता खरं सुरू. आत चालत जातो, पळत नाही. प्रेक्षकाचं लक्ष कुठं? ग्लासवर. सगळं थेटर त्या ग्लासच्या आवाजाची वाट बघतंय. टपरीवाला ग्लास विसळतोय, हिरोला बघतोय, अजून सुटला नाही, अजून नाही, खळ्ळ, आणि या वेळेला हिरो तिकडे न बघता डावीकडे वळलेला आहे, चाकूवाल्याचं मनगट त्याच्या हातात. चांगला सीन झाला, पण इथं थांबू नका. पिक्चरमध्ये पुढे कधी तरी असाच एक ग्लास, दुसरी टपरी, दिसण्यात ग्लास फुटला, आणि खऱ्यामध्ये हिरो सवयीने हात पुढे करून ग्लास झेलतो. आवाज होतच नाही. आता तो आवाज नाही म्हणजे जे दिसलं होतं ते आता नाही, चाकूवाला डावीकडून येणार का उजवीकडून, येणार का नाही, हिरोला माहीत नाही आणि प्रेक्षकालाही माहीत नाही. हातात ग्लास धरून उभा असलेला हिरो. हे एका काचेच्या ग्लासात होते, यासाठी ग्राफिक्स लागत नाही.

म्हणून दर दिसण्याला एक आवाज द्या. चित्रापेक्षा आवाज. प्रेक्षक गर्दीत चित्र हरवतो, आवाज हरवत नाही. कुकरची शिट्टी, मेट्रोच्या दाराचा आवाज, शटर ओढल्याचा आवाज, काहीही, पण एकदाच होणारा आणि ओळखू येणारा. रेकॉर्डिंग वेगळं करून ठेवा, सेटवरच्या आवाजावर विसंबू नका, बुलडीत तर नाहीच नाही.

आणि कृपा करून ते पांढरा फ्लॅश, सूंऽऽ असा आवाज, निळा रंग, हे प्रकरण टाळा. तुमच्या पोट्ट्यांनी टेस्ट व्हिडिओत ते केलं असणार, सगळेच करतात. त्याने काय होतं, दिसणं आणि खरं हे प्रेक्षकाला रंगावरून कळतं, मग तो रंग बघतो आणि सीन बघत नाही, 'हां, निळं आहे म्हणजे खोटं आहे' म्हणून आरामात टेकून बसतो. त्यापेक्षा कॅमेऱ्याची शिस्त पाळा. हिरोला स्वतःचंच पुढचं दिसतं ना, मग दिसण्यामध्ये कॅमेरा हिरो जिथं नाही तिथं जाणारच नाही. व्हिलन दुसऱ्या खोलीत फोनवर बोलतोय हे हिरोच्या दिसण्यात कसं येईल, त्याला ते दिसूच शकत नाही. खऱ्यामध्ये मात्र कॅमेरा कुठंही जाऊ द्या. प्रेक्षकाला हा नियम कोणी सांगत नाही पण वीसेक मिनिटांत त्याच्या अंगात भिनतो, आणि एकदा भिनला की मग नुसत्या कॅमेऱ्याच्या जागेवरून तुम्ही त्याला घाबरवू शकता.

शूटिंगचं आता पटापट. एकच सीन भविष्य म्हणून आणि खरं म्हणून दोनदा शूट होणार, त्यामुळे स्लेटवर, म्हणजे शॉटच्या आधी दाखवतात त्या पाटीवर, सीन नंबरपुढे काहीतरी खूण लिहा, मी पोट्ट्यांना 'भ' आणि 'ख' लिहायला लावतो. एका पोराला फक्त कंटिन्युटीवर, म्हणजे दोन शॉटमध्ये सगळं सारखं आहे का हे बघायला, बसवा, दुसरं कुठलंही काम त्याला देऊ नका. शर्टाची बटणं, घाम, हातावरची पट्टी, सगळं. साध्या पिक्चरमध्ये कंटिन्युटी चुकली तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण इथं प्रेक्षक दोन वेळांमधला फरक शोधतच बसलेला असतो, बटण उघडं दिसलं की त्याला वाटतं यात काही तरी अर्थ आहे.

'नेक्स्ट'मध्ये शेवटाकडे एक हिरो अनेक होऊन एकाच वेळी सगळ्या वाटा तपासतो, तसं तुम्हाला करायचंय असं लिहिलंय. करता येतं, स्वस्तात येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर गच्च, खाली वाळूची थैली, फोकस आणि एक्स्पोजर मॅन्युअल, हिरोला एकेका वाटेने चालवून वेगवेगळे टेक, आणि मग कॉम्प्युटरवर मास्क करून, म्हणजे प्रत्येक टेकमधला पाहिजे तेवढाच भाग ठेवून, सगळे एका फ्रेममध्ये. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकटच्या व्हर्जनमध्ये होऊन जातं. दोन हिरो एकमेकांना क्रॉस करणार नाहीत अशा वाटा आखा, आणि सावल्याही क्रॉस करू देऊ नका, सावलीच मारते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, अर्ध्या तासाने घेतलेल्या टेकची सावली पहिल्याशी जुळत नाही, म्हणून उन्हात करायचं तर सगळे टेक भराभर घ्या. नाही तर सरळ वर्धा रोडला जा, तो डबल डेकर आहे ना, खाली रस्ता, वर फ्लायओव्हर, त्याच्या वर मेट्रो, 3.14 किलोमीटरचा, त्याच्या खालच्या दाट सावलीत उजेड बराच वेळ सारखा राहतो. आवाज भयंकर आहे पण हा शॉट मुकाच असतो.

रात्रीचं शूट ट्यूबलाइट किंवा साध्या एलईडीखाली करणार असाल तर आपली वीज 50 हर्ट्झची आहे हे विसरू नका, लाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. सेकंदाला 24 फ्रेम घेत असाल तर कॅमेऱ्याचा शटर अँगल 172.8 ठेवा, म्हणजे दर फ्रेमला 1/50 सेकंद उजेड, बहुतेक फ्लिकर, म्हणजे लाइटची लुकलुक, जातो. स्लो मोशन मात्र अशा लाइटखाली करूच नका, उन्हात करा. होम्ससारखी मारामारी म्हणजे दुपारची गच्ची.

परवानग्या रस्त्याला पोलिसांची आणि महापालिकेची, मेट्रोच्या आवारात मेट्रोची वेगळी. डिसेंबरमध्ये अधिवेशन असताना मागायला जाऊ नका, सगळा बंदोबस्त तिकडे लागलेला असतो, तुमच्या नकली चाकूकडे बघून कोणालाही हसू येणार नाही. गल्ल्या पहाटे घ्या, शटर बंद असताना, आणि टपरी तुमची तुम्हीच मांडा.

सायन्स. थोडं टाका. हिरोला का दिसतं ते समजावू नका, किती दिसतं आणि का तेवढंच दिसतं एवढं समजवा. 1961 मध्ये एडवर्ड लॉरेन्झने हवामानाचं गणित कॉम्प्युटरवर परत चालवलं, 0.506127 च्या जागी 0.506 टाकलं, आणि तेवढ्याने पुढचं हवामान पार वेगळं निघालं. बारा सेकंदाच्या पुढे हिरोला धुरकट का, याला हे उत्तर पुरतं: छोटा फरक मोठा होत जातो, आणि हिरोने बघणं हाही एक छोटा फरकच आहे. एका पात्राच्या तोंडी दोन वाक्यं, जेवता जेवता, बास. दुसरं, आपण सगळेच थोडं पुढचं बघत असतो हेही वापरा. जामठ्याच्या स्टेडियमवर 140 च्या स्पीडने बॉल आला की बॅट्समनकडे जेमतेम अर्धा सेकंद असतो, बॉल बघून ठरवायला बसला तर गेला, तो बोलरच्या मनगटावरून आधीच अंदाज घेतो. हिरोला आधी क्रिकेट खेळताना दाखवा, मैदानावर सगळे म्हणताहेत काय टायमिंग आहे याचं, आणि त्याला एकट्यालाच माहीत आहे की हे टायमिंग नाही.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये ते वायरींचं हेल्मेट आहे, ते मला अजिबात पटलेलं नाही. विदर्भात राहून भविष्यावर पिक्चर करताय आणि हेल्मेट? बुलडाण्यात, जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, शेतात घट मांडतात, गोलाकार धान्यं ठेवतात, मध्ये खड्डा, ढेकळं, घागर, पापड, वडा, भजं, पानसुपारी, आणि रात्रभरात काय हललं काय सरकलं ते पहाटे बघून पाऊसपाणी, पिकं, अगदी देशाच्या राजाचंही सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे का हा विषय नाही, पण चित्र बघा, पहाटेच्या उजेडात वाकून एक दाणा कुठं सरकला ते बघणारी माणसं. हिरोच्या आजोबांना तिथलं करा, हेल्मेट आपोआप जाईल. खिल्ली उडवू नका आणि डोक्यावरही घेऊ नका.

आणि क्लायमॅक्सला गर्दी पाहिजे म्हणालात तर मारबत. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जुन्या नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, त्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे आणखी पुतळे, 'घेऊन जा गे मारबत' हा गजर, इतवारीत माणसावर माणूस. हिरोला या गर्दीत बारा सेकंद पुढचं दिसतंय आणि ते गर्दीमुळे उपयोगाचंच नाही, कारण दिसतंय पण हलायला जागा नाही. खऱ्या मिरवणुकीत मारामारी करायला जाऊ नका, चेंगराचेंगरी होऊन बसेल. मिरवणुकीचे नुसते शॉट घ्या, लांब लेन्सने, एखाद्या गच्चीवरून, गजर स्वच्छ रेकॉर्ड करा, आणि मारामारी नंतर एका गल्लीत पंचवीस-तीस माणसं दाटीने उभी करून जवळून घ्या. जवळच्या लेन्सवर तीस माणसं तीन हजार दिसतात, आणि गजर खरा असला की कोणी मोजत नाही.

शेवट काय करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, पण दाखवलेलं परत न घेता. मी असतो तर हिरोला गर्दीत त्याचे शेवटचे बारा सेकंद दाखवले असते, कोणाच्या हातून ते दाखवलं नसतं, आणि तिथून एकही कट न मारता बारा सेकंदांचा एकच शॉट चालवला असता. स्क्रिप्टचा पुढचा ड्राफ्ट झाला की पाठवा, फक्त पीडीएफ करून पाठवा, मागच्या वेळी फॉन्ट उघडला नाही आणि अर्धे संवाद चौकोनात होते.